खाऱ्या वाऱ्यातली सायकल

मालवण किनाऱ्यावर राहणाऱ्यांना गंजाचे अप्रूप नसते. खिडकीचे गज, विहिरीवरचा रहाट, फाटकाची कडी, दर दोन-चार वर्षांनी काहीतरी बदलावे लागतेच. लाटांच्या फेसातून उडालेले मिठाचे बारीक कण वाऱ्यावर येतात आणि लोखंडावर बसतात. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ स्वतःच पाणी धरू लागते. म्हणजे पाऊस नसला तरी पत्रा ओलाच. अशा हवेत एखादी सायकल चौदा वर्षे पडवीत उभी राहिली तर तिचे काय होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आमच्या देवबागच्या घरात अशी एक काळी हर्क्युलिस होती. मद्रासजवळ अंबत्तूरला कारखाना असलेल्या टी. आय. सायकल्सची. ही कंपनी १९४९ सालची. काका शाळामास्तर होते, त्यांची सारी नोकरी या सायकलीवर झाली. ते गेले आणि सायकल भिंतीला टेकली ती टेकलीच. मी मुंबईतली नोकरी संपवून गावी कायमचा राहायला आलो तेव्हा भंगारवाल्याने वजनावर साडेपाचशे रुपये देऊ केले होते. काकी म्हणाली, "दिऊन टाक तेका. तुका पेन्शन जास्त झालीहा काय?"

पेन्शन जास्त झाली नव्हती, म्हणूनच तर सायकल हवी होती. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. मालवणची पेठ दहा-बारा किलोमीटरवर. काकीच्या रक्तदाबाच्या गोळ्या, बाजार, बँक, सगळे तिकडे. एस. टी. चुकली की रिक्षा आणि रिक्षाचे भाडे रोजचे परवडत नाही. रस्ता मात्र तारकर्लीवरून थेट मालवणपर्यंत बहुतेक सपाट. सायकलीसाठी याहून चांगला मुलूख कोकणात शोधून सापडायचा नाही. मनाशी ठरवले, तीन हजारांच्या आत होत असेल तर करायचे. नव्या साध्या सायकलीला याच्या दुपटीहून जास्त पडतात.

पेठेत सायकलचे एक जुने दुकान आहे. तिथल्या मिस्त्रींना सगळे आबा म्हणतात. मी आधी रंगाची चौकशी केली तर ते हसले. "रंग मागीर. पयली चाकां बघूया."

पण चाकांच्याही आधी त्यांनी सांगाडा तपासला. सायकल उलटी करून हलवली तेव्हा सीटच्या नळीतून गंजाचा भुगा आणि चिखल पडला. सीटवरून झिरपणारे पाणी याच नळीतून खाली पायडलच्या आसापर्यंत उतरते आणि तिथे साचते. आबांनी पेचकसाचे टोक प्रत्येक सांध्यावर दाबून पाहिले, विशेषतः पुढच्या चिमट्याच्या मानेवर. तिथे तडा गेला असेल किंवा नळी मऊ लागली तर पुढे एक रुपयासुद्धा घालू नये, असे त्यांचे स्पष्ट मत. चिमटा चालत्या सायकलीवर मोडला तर माणूस तोंडावर पडतो. आमचा सांगाडा शाबूत निघाला. सीटचा दांडा तेवढा नळीत घट्ट धरून बसला होता. पूर्वी अशा कामाला रॉकेल वापरत. ते आता सहजी मिळत नाही, म्हणून डिझेल सोडत चार दिवस ठेवला, मग सुटला.

खरा घोळ मागच्या चाकात होता. बाहेरून रिम बरी दिसत होती. टायर काढल्यावर आतली बाजू पापुद्र्यांसारखी सुटून आली. वाळू आणि खारे पाणी तारांच्या भोकांतून आत जाते आणि बाहेर यायला त्याला वाट नसते. या सायकलींच्या पुढच्या चाकाला ३२ तारा असतात आणि मागच्या चाकाला ४०, कारण माणसाचे आणि कॅरियरवरच्या पोत्याचे ओझे मागे जास्त येते. आबांनी जुन्या हबात चाळीस नव्या तारा ओवल्या, नवी रिम बांधली आणि मग आऊट काढायला बसले. चाक फिरवायचे, चिमट्याजवळ खडू धरायचा, जिथे खडू लागेल तिथली एक तार अर्धा आटा कसायची, समोरची तेवढीच ढिली करायची. तारेला नखाने टिचकी मारून आवाज ऐकायचा. तासाभराने खडू कुठेच लागेना. हे काम येणारा त्यांच्या दुकानात आता दुसरा कोणी नाही. मुलगा शेजारीच स्कूटर दुरुस्त करतो, त्यात त्याला दोन पैसे बरे सुटतात. त्याला कोण काय म्हणणार?

या काळ्या सायकलीचा एक मोठा गुण म्हणजे तिचे माप. तिचा घाट जुन्या इंग्रजी सायकलींवरून घेतलेला आणि तो वर्षानुवर्षे जवळजवळ बदललाच नाही. २८ बाय दीडचा टायर, कॉटर पिन, हबातले पाव इंची छर्रे हे सगळे कोणत्याही कंपनीचे कोणत्याही कंपनीला चालते. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला, तोही नेमका जागतिक सायकल दिनी. पण रस्त्यावरच्या ॲटलसना सुट्या भागांची ददात पडली नाही. लुधियानाचा माल पेठेत येतच राहतो. गिअरच्या आधुनिक सायकलीचा एखादा बारीकसा भाग मोडला की मात्र ती मुंबईहून पार्सल येईपर्यंत उभी.

आता हिशेब. टायर-ट्यूबच्या दोन जोड्या ९६०, रिम आणि तारा ६००, चेन आणि फ्रीव्हील ३४०, ब्रेकचे चार रबर ६०, छर्रे-ग्रीस-कॉटर पिन १२०, मजुरी ५००. एकूण २५८० रुपये. जुने फ्रीव्हील धुऊन वापरू का, असे मी विचारले होते. आबांनी ते हातात फिरवून दाखवले. आतले दातरे, मिस्त्री लोक ज्यांना 'कुत्रे' म्हणतात, गंजाने चिकटले होते. भर रस्त्यात ते निसटले की पायडल मोकळे फिरते. फिरणाऱ्या आणि थांबवणाऱ्या भागांत काटकसर करायची नाही, एवढे मी त्या दुकानात शिकलो.

रंग केलाच नाही. कारखान्यातला जुना रंग भट्टीत भाजलेला असतो. तो जिथे टिकलाय तिथे ब्रशच्या रंगाहून चांगला असतो. गंजलेल्या जागा घासून तेवढ्यापुरते प्रायमर लावले. हँडल आणि घंटी मी घरी चिंचेच्या कोळाने आणि चॉकलेटच्या चांदीने घासली. काकीने देवाची भांडी घासताना तीही मधेच घेतली, हे सांगायला हवे! चेनला मात्र खोबरेल लावू नका. आमच्याकडे ते हाताशी असते म्हणून लावतात. पण पारा चोविसाच्या खाली उतरला की खोबरेल थिजते, आणि मग वाळू धरून बसते. मशीनचे तेल आठवड्याला एकदा, आणि रोज गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून घ्यायचे, बस्स. उभ्या सायकलीवर मीठ निवांत बसते; चालत्या सायकलीकडे निदान रोज कोणीतरी बघते.

पुढच्या चक्रीला ४८ दाते आणि मागे १८, म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल जवळजवळ सहा मीटर जाते. तारकर्लीच्या सपाट रस्त्यावर हे सुख आहे. मालवणातून कुंभारमाठाची चढण लागली की मी उतरून चालतो, काकाही चालत. उतारावर जास्त जपावे लागते. रॉडचे ब्रेक कोरड्यात ठीक धरतात, पण भिजलेल्या लोखंडी रिमवर रबर नुसते सरकते. म्हणून पावसात आधी हलके दाबून रिमवरचे पाणी पुसून घ्यायचे, मग जोर द्यायचा, आणि समोरच्या पर्यटकाच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवायचे.

काकीची यादी आता सायकलीच्या हिशेबाने वाढत चालली आहे. गोळ्यांबरोबर सुंगटांची पिशवीही हँडलला लागते. येत्या मृगाआधी ब्रेकचे रबर पुन्हा बदलायचे आहेत; आबांनी दोन जोड बाजूला काढून ठेवले आहेत.