तंबाखूचा विषाणू, चांदीचे कण

गेल्या पावसाळ्यात सासऱ्यांच्या पायाची जखम दोन महिने भरेना. मधुमेह जुना. पू तपासायला पाठवला, तर तीन प्रतिजैविकं त्या जिवाणूंवर चालत नाहीत असं निघालं. मग डॉक्टरांनी चांदीयुक्त पट्टी बांधली. सासूबाईंनी हळूच विचारलं, “बेळ्ळी हच्च्यारेन?” होय, चांदीच!

कुतूहलापोटी मी वाचू लागले. चांदीतून सुटणारे आयन जिवाणूच्या आवरणाला इजा करतात आणि आतल्या प्रथिनांना चिकटून त्यांचं काम बंद पाडतात. कण जितके बारीक, तितका परिणाम जास्त. पण हे अतिसूक्ष्म नॅनो कण एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो. त्यांना सुटंसुटं बसवायला साचा हवा.

शास्त्रज्ञांनी वापरलेला एक साचा माझ्या ओळखीचा निघाला! माझं माहेर निपाणीजवळ, घरात विडीच्या तंबाखूची शेती. पानावर हिरवे-पिवळे डाग पडून पान आकसलं, की अप्पा ते रोप उपटून टाकत. तंबाखू मळणाऱ्या गड्याला हात धुतल्याशिवाय रोपांना हात लावू देत नसत. हा रोग तंबाखू मोझॅक विषाणूचा. तो हातांवाटेही पसरतो, पण माणसाला आजारी पाडत नाही.

हा विषाणू म्हणजे ३०० नॅनोमीटर लांब, १८ नॅनोमीटर जाड काठी. तिच्यावर एकाच प्रकारच्या प्रथिनाचे सुमारे २,१३० तुकडे ओळीनं रचलेले असतात. चांदीच्या क्षाराच्या द्रावणात ती ठेवली, की आयन प्रथिनांना धरतात. मग रसायनानं त्यांचा धातू होतो आणि कणसावर दाणे भरावेत तसे कण बसतात. २००३ साली संशोधकांनी या काठीवर सोनं, चांदी आणि प्लॅटिनमचे कण बसवून दाखवले. विषाणूंच्या साच्यावरची अशी चांदी जिवाणूंवर वापरून पाहण्याचं काम प्रयोगशाळांत चालतं. आपल्या दवाखान्यातली पट्टी मात्र साधी चांदीची.

आणि चांदीलाही मर्यादा आहेत. अमेरिकेतल्या एका जळित विभागात चांदीला न जुमानणारे जिवाणू सापडल्याची नोंद १९७५ सालीच झाली आहे. म्हणून घरची चांदी उगाळून जखमेवर लावू नका, आणि प्रतिजैविकांच्या गोळ्या बरं वाटताच मध्येच सोडू नका.

सासऱ्यांची जखम दिवाळीआधी भरली. पट्टीइतकंच श्रेय आटोक्यात आलेल्या साखरेला आणि रोजच्या स्वच्छतेला. आपल्या तंबाखूच्या रोगाची ही गोष्ट मी अप्पांना फोनवर सांगितली. ते म्हणाले, “ते खरं, पण हात धुवायचं सोडू नको.”