गावकुसाबाहेरची आग कोण विझवणार?

घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८ विषय आहेत. त्यातला सातवा अग्निशमन सेवेचा. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत. त्यात रस्ते आहेत, बाजार आहेत, कुक्कुटपालनसुद्धा आहे. अग्निशमन मात्र नाही! १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी शहराला बंब दिला आणि खेड्याला बादली दिली. राज्य सरकारला ही उणीव कायद्याने भरून काढता येते. पण ती काढणार कोण?

शिरूर तालुक्यातले कारेगाव आता नावालाच खेडे उरले आहे. शेजारी रांजणगावची पंचतारांकित औद्योगिक वसाहत. कंत्राटी कामगार चाळीच्या एकेका खोलीत चार-पाच जण राहतात; तिथेच अंथरूण, तिथेच सिलिंडर. एमआयडीसीचा बंब मदतीला येईलही, पण त्याची पहिली जबाबदारी कारखान्यांची. पलीकडे दौंड तालुक्यात कुरकुंभ. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथल्या रासायनिक कारखान्याला आग लागली तेव्हा लोकांनी रात्रीच घरे सोडली. ७ जून २०२१ रोजी मुळशीतल्या उरवड्याला १७ कामगार जळून मेले, त्यात बहुतेक महिला. मरणारे कोण असतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

स्थायी अग्निशमन सल्लागार समितीने ग्रामीण भागात बंब पोहोचायला २० मिनिटे धरली आहेत. ऊसतोड मजुराची पाचटाची कोप २० मिनिटे थांबत नाही. म्हणजे पहिला विझवणारा गावातलाच हवा, आणि तो शिकलेला हवा. शिकायचे कुठे? राष्ट्रीय महाविद्यालय नागपूरला, राज्याची अकादमी मुंबईत सांताक्रूझला. म्हणून शिरूर-दौंडसाठी कारेगाव परिसरात प्रादेशिक प्रशिक्षण केंद्र उभे करा, ही आमची मागणी आहे.

प्रशिक्षण म्हणजे केवळ पाइप धरणे नव्हे. मैलाटाकीचेच घ्या. एक माणूस आत कोसळतो, त्याला वाचवायला भाऊ उतरतो, मग शेजारी. टाकीतल्या वायूने दोन श्वासांत शुद्ध हरपते. श्वसनयंत्राशिवाय उतरायचे नाही, बाहेरून हवा सोडायची, कमरेला दोर बांधूनच आत जायचे, एवढे ठाऊक असते तरी निदान दुसरा आणि तिसरा वाचले असते. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवायला बंदी आहे, तरी उतरवतात. आणि कोणत्या जातीचा माणूस उतरवतात तेही जगजाहीर आहे. पेटत्या तेलावर पाणी ओतू नये, वीजपुरवठा तोडल्याशिवाय पाणी मारू नये, भाजलेल्याला टूथपेस्ट फासू नये, हेही शिकवावेच लागते. शाळेत कुणी शिकवले आहे?

पैशाचे रडगाणे ऐकून घेऊ नका. केंद्राने जुलै २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटींची योजना आणली. रांजणगावचे कारखानदार सामाजिक दायित्वाच्या निधीतून कमानी आणि बाके देतात, त्यांनी शिडी, दोर आणि श्वसनयंत्रेही द्यावीत.

आमची खरी भीती दुसरीच आहे. केंद्र झाले तर जागा पाटलांच्या पोरांना, आणि मैलाटाकीत उतरायला पुन्हा आपलाच माणूस. प्रत्येक वस्तीतले, कामगार चाळीतले आणि निम्म्या महिला प्रशिक्षणार्थी हव्यात. रोजंदारीवरच्याला त्या दिवसांची मजुरी मिळालीच पाहिजे; नाहीतर तो येणार कसा? कारेगाव आणि आसपासच्या कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत ठराव मांडताना मजुरीची अट पहिल्या कलमातच लिहून घ्यावी.