आधी कोणी दाबलं?

वर्गात साठ मुलं, प्रत्येकाच्या हातात एकेक बिनतारी बझर आणि बाईंच्या टेबलावर त्या सगळ्यांचं ऐकून घेणारा एक डबा. प्रश्न विचारून होतो न होतो तोच चाळीस बोटं बटणांवर पडतात. त्यातलं पहिलं कोणाचं, एवढंच डब्याने खरं सांगायचं. मागणी साधी, पण ती पुरवताना भल्याभल्यांना घाम फुटतो.

एकाच लहरीवर दोघे एकदम बोलले की कोणाचंच धड कळत नाही. यावर एक मजेदार तोड निघाली ती हवाई बेटांवर. तिथल्या विद्यापीठातले नॉर्मन अब्रॅम्सन आणि त्यांचे सहकारी यांनी १९७१ साली 'अलोहानेट' सुरू केलं आणि बेटांवरची टर्मिनलं होनोलुलूच्या संगणकाशी रेडिओवरून बोलू लागली. नियम असा, की वाटेल तेव्हा बोला. पोच आली नाही, तर चिठ्ठी टाकून ठरवल्यासारखं कमीजास्त थांबा आणि पुन्हा बोला. (दोघे सारखेच थांबले, तर पुन्हा टक्कर ठरलेली!) या स्वैर कारभारात वाहिनीची जास्तीत जास्त १८.४ टक्के क्षमताच कामी येते. सर्वांनी ठरलेल्या ठोक्यावरच बोलायचं म्हटलं, की ती दुप्पट होते.

बझरला मात्र निरोप नुसता पोचून भागत नाही. पत्रावरची तारीख आणि आवक शिक्क्याची तारीख यांतला फरक आम्हां बँकवाल्यांना पक्का ठाऊक. डब्याने आवक वेळ धरली, तर टकरीत सापडून तिसऱ्या खेपेला पोचलेलं पोर हरतं. बोट त्याचंच पहिलं असूनही. शिवाय टकरीत दरवेळी दोन्ही निरोप मरतात असंही नाही. जवळची जोरकस लहर कधी कधी दुबळीला गिळून सुखरूप पोचते. म्हणजे पहिल्या बाकावरचा जिंकणार! शेवटच्या बाकाच्या वाट्याला आधीच काय कमी येतं? हजेरीसारखं एकेका बझरला विचारत गेलं तर टक्कर टळते, पण मग पहिल्या हजेरी क्रमांकांची चंगळ.

तेव्हा तारीख पत्रावरच हवी. डब्याने दर सेकंदाला क्रमांक घातलेला एक ठोका द्यावा. बटण दाबताच 'अमुक ठोक्यानंतर इतक्या मिलिसेकंदांनी' असं बझरने टिपावं आणि पोच मिळेपर्यंत तेच पाठवत राहावं. डब्यानेही निकालाची घाई न करता उशिराच्या निरोपांसाठी जरा थांबावं. ठोका वारंवार लागतो, कारण स्वस्त बझरमधलं स्फटिकाचं घड्याळ दहा लाखांत वीस भाग सहज चुकतं. पन्नास मिनिटांच्या तासात ते झाले ६० मिलिसेकंद. एक घड्याळ पुढे आणि दुसरं मागे धावलं, तर १२०. दर सेकंदाला जुळवून घेतलं, की ही चूक नगण्य उरते.

आणि दोन बोटांत एका मिलिसेकंदाचंही अंतर नसेल तर? माझ्या मते डब्याने तिथे शहाणपणा करू नये. दोन्ही नावं दाखवावीत. आधी कोणाला विचारायचं, ते बाई बघतील.