गाय अडते, तेव्हा गणित काय सांगते?

पहिलारू गाय विताना अडली, तर गाय-वासरू दोघांच्याही जिवावर बेतते. यात वासराच्या बापाचा, म्हणजे वळूचा, आनुवंशिक वाटाही असतो. तो ओळखण्यासाठी अमेरिकेत प्रत्येक वेताला १ (सहज) ते ५ (अतिशय कठीण) असा अंक देतात.

रेषीय प्रारूप हे अंक मोजपट्टीवरच्या मापांसारखेच वापरते. १ ते २ आणि ४ ते ५ ही अंतरे सारखीच धरते. पण आपल्या वर्गाकडे पाहू. ३५ ला उत्तीर्ण धरले, तर ३४ आणि ५ गुण मिळवणारे दोघेही नापासच! निकालामागे गुणांची सलग पट्टी दडलेली असते. गिनीपिगच्या पायांच्या जादा बोटांबाबत १९३४ साली स्यूअल राइट यांनी असाच विचार मांडला. १९८३ साली जिआनोला व फूले यांनी त्यावरून वळूंच्या मूल्यमापनासाठी 'उंबरठा प्रारूप' तयार केले.

यांत सरस कोणते? काही नोंदी झाकून ठेवायच्या, दोन्ही प्रारूपांनी त्यांचे भाकीत करायचे आणि ताडून पाहायचे. अशा अनेक तुलनांत वळूंचा क्रम जवळजवळ सारखाच लागला! तर्काला पटणारे प्रारूपही शेवटी नोंदींवरच पारखावे लागते, हेच आपण यातून शिकतो.