हापूस लवकर पिकतो म्हणजे नेमकं काय लवकर होतं?

आंबा जितका गरम जागी ठेवावा तितका लवकर पिकतो, हा समज रत्नागिरीच्या बाजारापासून मुंबई-पुण्याच्या स्वयंपाकघरांपर्यंत पक्का आहे. तो अर्धाच खरा आहे. तापमान वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग वाढतो. 10 अंशांनी तो साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियमही आहे. पण आंबा पिकणं ही एकच क्रिया नाही. स्टार्चची साखर होते, आम्ल घटतं, पेक्टिन मोडून गर मऊ पडतो, सालीतलं हरितद्रव्य जातं, गरात केशरी कॅरोटीन साठतं आणि हापूसचा तो वास देणारी द्रव्यं तयार होतात. यातल्या प्रत्येक कामाला वेगळी विकरं, म्हणजे एन्झाइम लागतात आणि उष्णतेने सगळ्यांचा वेग सारखा वाढत नाही.

20 ते 25 अंशांत ही सारी कामं बऱ्यापैकी बरोबरीने चालतात. पारा बराच वेळ तिशीच्या वर राहिला तर गर मऊ होतो, पण साल हिरवट किंवा डागाळलेली राहते आणि चव बिघडते. विकरं ही प्रथिनं असल्यामुळे फार उष्णतेत त्यांची घडणच मोडते. म्हणून घाईने पिकवलेला आंबा हा सावकाश पिकलेला आंबाच चार दिवस आधी मिळाला, असं नसतं. ते वेगळंच फळ असतं. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

थंडीबद्दलचा समजही असाच आहे. कच्चा हापूस फ्रीजमध्ये ठेवला तर पिकणं नुसतं लांबत नाही. 12-13 अंशांखाली फार दिवस राहिलेल्या फळाला थंडी बाधते. बाहेर काढल्यावर साल काळपट पडते आणि फळ नीट पिकत नाही. पूर्ण पिकलेला आंबा मात्र फ्रीजमध्ये काही दिवस चांगला राहतो.

कार्बाइड आपल्या उष्णतेने आंबा पिकवतं, असं अनेक जण सांगतात. कॅल्शियम कार्बाइडला ओलावा मिळाला की उष्णता निघते खरी, पण परिणाम घडवतो तो त्यातून सुटणारा ॲसिटिलीन वायू. तो फळाच्या स्वतःच्या इथिलीनची नक्कल करतो, आणि ती कमजोर नक्कल असते. खडे बारीक केले तर पृष्ठभाग वाढून वायू भराभर सुटतो. बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात, म्हणून फळं पिकवण्यासाठी ते वापरायला देशात बंदी आहे. इथिलीन वायूची गोष्ट वेगळी. तो आंब्यातच तयार होतो, आणि पिकवण्याच्या खोलीत 10 लाख भागांत 100 भागांपर्यंत तो वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्ये परवानगी दिली आहे. या दोघांना एकाच माळेत ओवून 'केमिकलचा आंबा' म्हणणं चूक आहे.

पण वायू कोणताही असो, तो वेग वाढवतो, फळातला माल वाढवत नाही. कोवळ्या आंब्यात स्टार्चच कमी असेल तर साखर येणार कुठून? साल पिवळी होते, गर आंबट आणि फिका राहतो. चौदा आणे, म्हणजे जवळपास पूर्ण तयार झालेलं फळ देठासकट उतरवण्याचा बागायतदारांचा आग्रह यासाठीच आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेलं नूतन झेला हे अवजारही असं देठासकट फळ काढण्यासाठीच आहे.

आंबे रचून पिकवायच्या अढीतल्या भाताच्या पेंढ्यातही कसलंही औषध नसतं. श्वसन करणाऱ्या फळांची ऊब आणि त्यांचं इथिलीन तो थोडं धरून ठेवतो. एक फळ पिकू लागलं की त्याच्या इथिलीनने शेजारची जागी होतात आणि तीही इथिलीन सोडू लागतात. तरी अढीत हवा खेळती हवी. इथिलीन तयार व्हायला ऑक्सिजन लागतो, आणि कार्बन डायऑक्साइड साचला तर पिकणं मंदावतं. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेल्या आंब्याला आंबूस वास येतो तो कोंडल्यामुळेच.

राहिला प्रश्न वेग मोजण्याचा. रंगावरून तो कळत नाही, कारण रंग ही फक्त सालीतली बातमी आहे. म्हणून साखर मोजायची. रासायनिक क्रियेचा वेग प्रथम नीट मोजला गेला तोही साखरेचाच. 1850 मध्ये लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने आम्लात साखरेचं रूपांतर होताना द्रावणातून जाणारा ध्रुवित प्रकाश किती वळतो, ते ठरावीक वेळाने टिपलं. आंब्याच्या बाबतीत रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवला की ब्रिक्सचा, म्हणजे मुख्यतः विरघळलेल्या साखरेचा, आकडा मिळतो. तयार पण कच्च्या हापूसमध्ये तो साधारण 8 ते 10 असतो, पिकल्यावर 18 ते 20 पर्यंत जातो. मात्र एका दिवसाचा आकडा हा वेग नव्हे. दोन दिवसांच्या आकड्यांतला फरक मधल्या दिवसांनी भागला की वेग मिळतो. कापलेलं फळ पुन्हा मोजता येत नाही, म्हणून एकाच झाडाची, एकाच दिवशी उतरवलेली बरीच फळं घेऊन रोज त्यातली दोन-तीन कापावी लागतात आणि त्यांची सरासरी धरावी लागते. त्याच फळांचा मऊपणा दाबमापकाने आणि आंबटपणा अल्कलीच्या थेंबांनी मोजला, तर तीन वेगळे वेग हाती येतात.