किल्ली देण्याआधी नोंदणी

पुण्या-मुंबईत घर भाड्याने देताना सर्रास अकरा महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार होतो. एवढ्या मुदतीला नोंदणी लागत नाही, असे अनेक घरमालक आजही धरून चालतात.

हा समज महागात पडतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा. ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. शिवाय पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

मुदत संपूनही घर रिकामे झाले नाही, तर कलम २४ दुप्पट दराने भरपाई मिळवून देते. म्हणून अनामत, दुरुस्ती, सोसायटीचा मेन्टेनन्स, सारे करारात लिहा आणि नोंदणी झाल्यावरच किल्ली द्या.