दुःखसहिष्णुता : व्यायामाचे दुर्लक्षित फळ

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात व्यायामाची फळे सांगताना लाघव, कर्मसामर्थ्य, स्थैर्य व अग्निवृद्धी यांच्याबरोबर दुःखसहिष्णुतेचाही उल्लेख केला आहे. अग्नी व बल यांचा विचार आपण वैद्य नित्य करतो. दुःखसहिष्णुतेकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. वस्तुतः तरुणाचे शील घडते ते याच गुणामुळे.

याचे उदाहरण आपल्या वऱ्हाडातच आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगासमोर सादर केली. परतंत्र देशातील तरुणांना त्यातून लाभलेला आत्मविश्वास केवळ मांसोपचयाचा नव्हता. एरंडेल लावलेल्या मल्लखांबावरून घसरणे, पुन्हा चढणे, कुस्तीत चीत झाल्यावर प्रतिस्पर्ध्याच्या हातात हात देणे, वस्तादांचा शब्द पाळणे, या नित्यक्रमातून पराभव पचविण्याची शक्ती येते. अन्न पचविण्यास जसा अग्नी, तसे अपयश पचविण्यास सत्त्वबल आवश्यक असते.

परंतु हे फळ मात्रेवर अवलंबून आहे. चरकांनी व्यायाम मात्रेने करण्यास सांगितले; सुश्रुत व वाग्भटांनी अर्धशक्तीची मर्यादा घातली. कपाळी व काखेत घाम येणे, मुखाने श्वास सुरू होणे ही थांबण्याची खूण होय. वाग्भटांच्या मते अर्धशक्ती व्यायाम शीतकाळी व वसंतात, तोही बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीने करावा. इतर ऋतूंत तो अल्पच असावा. मे महिन्यात अकोल्याचा पारा अनेकदा ४५ अंशांच्या आसपास असतो. अशा वेळी पोलीस भरतीसाठी उपाशीपोटी धावणाऱ्या मुलास हा नियम समजावून सांगणे हे आपले कर्तव्य आहे.

आणखी एक बाब औषधी विक्रेत्या बंधूंसाठी. "महिन्याभरात अंग भरेल असे चूर्ण द्या" अशी मागणी घेऊन तरुण दुकानात येतात. अशा काही निनावी चूर्णांत स्टेरॉइडची भेसळ आढळलेली आहे. त्याने वजन वाढलेले दिसते, परंतु ती सूज असते, बल नव्हे. मुलगा मात्र तेच आपले सामर्थ्य समजतो आणि चूर्ण सुटताच शरीराबरोबर मनानेही खचतो. ज्या पाकिटावर घटकद्रव्ये, उत्पादकाचे नाव व परवाना क्रमांक नाही, ते आपल्या फळीवर असू नये. विक्री बुडाली तरी चालेल.

अश्वगंधा, शतावरी, दूध, तूप ही द्रव्ये प्रकृती व अग्नी पाहून अवश्य द्यावीत. मात्र त्या चिठ्ठीवर रोजच्या मैदानाची वेळही लिहावी. बल्य औषध धातूंचे पोषण करील. दुःखसहिष्णुता मात्र कोणत्याही बाटलीत मिळत नाही. ती मातीतच कमवावी लागते, हे सांगण्याचे धैर्य आपण दाखविले पाहिजे.